काडेपेटीतला नमुना : दोन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, आदिवासी विकास, नाशिक

विषय : जंतनाशक मोहिमेत गोळ्यांबरोबर जंतही मोजण्याबाबत.

महोदय,

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी भागात मी २७ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या प्रयोगशाळा सांभाळल्या. नोकरीला लागलो तेव्हा हा ठाणे जिल्हा होता आणि वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. निवृत्त झालो तेव्हा पालघर जिल्हा होऊन आठ वर्षं झाली होती. मधल्या काळात मायक्रोस्कोप दोनदा बदलला. रक्तपट्ट्या किती तपासल्या याची मोजदाद नाही. मलेरिया, टीबीचे बेडके, हिमोग्लोबिन, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांचे महिन्याचे अहवाल जायचे आणि उशीर झाला की फोन यायचा. शी तपासली का, असं मात्र २७ वर्षांत मला वरून एकदाही कोणी विचारलं नाही. पत्र लिहायला बसलो ते त्यामुळेच.

एक प्रसंग सांगतो. पावसाळा संपत आला होता. कातकरी पाड्यावरची एक मुलगी आईबरोबर आली. वय चौदा-पंधरा, पण दिसायला अकराची. डोळ्यांची खालची पापणी ओढली तर आत पांढरी फटक. साहलीच्या नळीत रक्त घेतलं, हिमोग्लोबिन ४.८ निघालं. वाचण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा घेतलं, तेवढंच. डॉक्टरांनी तिला वरच्या, मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे रक्त चढवलं, लोहाच्या गोळ्या देऊन घरी सोडलं. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा सहाच्या आत. गोळ्या खाल्ल्या नसतील, असं आमच्याच एका सिस्टर म्हणाल्या. मुलीची आई काही बोलली नाही. तिने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली आणि टेबलावर एकेक मांडून ठेवली.

कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी नमुना आणायला सांगितला. आमच्याकडे त्यासाठी डब्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माउली काडेपेटी घेऊन आली. आत पळसाच्या पानाचा तुकडा आणि त्यावर नमुना, आदल्या दिवशी सकाळचा. सलाइनचा थेंब टाकून काचपट्टी लावली. अंड्यांच्या अंदाजाने पाहत होतो, तर एक अळी वळवळत आडवी गेली. मग दुसरी. दीड दिवस काडेपेटीच्या उबेत राहून अंडी तिथेच फुटली होती. न फुटलेल्यांनी उरलेली जागा भरली होती.

अंकुशकृमी. इंग्रजीतलं हूकवर्म. जे वाचतात ते आपल्या खात्यातलेच असतील असं नाही, म्हणून थोडं खुलाशाने लिहितो. मातीतून माणसात येणारे जंत मुख्यतः तीन. मोठे गोल जंत लोकांना माहीत असतात, कारण ते दिसतात : वीतभर, गांडुळासारखे, शीतून पडतात, कधी उलटीतून. त्यांचं अंडं मायक्रोस्कोपखाली तपकिरी आणि कडेने खवल्याखवल्यांचं, सीताफळासारखं दिसतं. एक मादी दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी घालते. दुसरा चाबूककृमी. त्याचं अंडं ढोलकीसारखं, दोन्ही टोकांना बूच. आणि तिसरा हा अंकुशकृमी, जेमतेम सेंटिमीटरभराचा, कोणाला दिसत नाही आणि म्हणून कोणाला माहीतही नाही. हा तोंडातूनच आला पाहिजे असं नाही. ओल्या, सावलीतल्या मातीत अळी वाट पाहत असते. अनवाणी पाऊल पडलं की कातडीतून आत, रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशात आणि गिळली की आतड्यात. तिथे चावा घेऊन तो वर्षानुवर्षं रक्त पितो. एक जंत जातीप्रमाणे दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. कमीतली कमी जात धरली आणि पोटात शंभर जंत धरले, तरी महिन्याला कटिंगच्या ग्लासभर रक्त जातं. त्या मुलीला आपण एका बाजूने लोह देत होतो आणि दुसऱ्या बाजूने गळती चालू होती.

आता मोहिमेकडे येतो. राष्ट्रीय जंतनाशक दिन फेब्रुवारी २०१५मध्ये सुरू झाला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. १ ते १९ वयाच्या प्रत्येकाला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी, चुरून. शाळेत आणि अंगणवाडीत, समोर उभं राहून चावून खायला लावायची. मोहीम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि गोल जंतांवर तर रामबाणच. देशात ठिकठिकाणी पुन्हा केलेल्या पाहण्यांत जंतांचं प्रमाण घटलेलंही दिसलं आहे. ज्या आशाताई आणि अंगणवाडीताई पाड्यापाड्यावर चढून ती गोळी खाऊ घालतात, त्यांच्या पायांना मी नमस्कारच करीन.

पण तारखा बघा. १० फेब्रुवारीला कातकरी कुठे असतो? दिवाळी झाली की मुकादम उचल देतो आणि टेंपो भरून माणसं भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलच्या वीटभट्ट्यांवर जातात. काही कोळसाभट्टीवर जातात, काही वाळूवर. नवराबायको, दुधपितं पोर, मोठ्याला सांभाळायला आणलेली बहीण, कोंबड्यासुद्धा. परत येतात पावसाच्या तोंडावर. म्हणजे ज्या पोरांच्या पोटात सगळ्यांत जास्त जंत असण्याची शक्यता, तीच पोरं फेब्रुवारीत ना शाळेत असतात ना अंगणवाडीत. भट्टीच्या मालकाच्या शेतात, प्लास्टिकच्या पालाखाली ती असतात. राहिलेल्यांसाठी आठवडाभराने मॉप-अप दिवस असतो. त्याही दिवशी ती तिथेच असतात. भट्टी ज्या गावच्या हद्दीत आहे तिथल्या अंगणवाडीला ती आपली वाटत नाहीत, कारण तिच्या रजिस्टरला त्यांचं नाव नाही. आणि ज्या रजिस्टरला नाव आहे, त्या रजिस्टरचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका फेब्रुवारीत एका पाड्यावर गेलो तर निम्म्याहून जास्त घरांना बाहेरून कडी, कुडाच्या भिंतीला टेकवलेली नांगरं, एक म्हातारी आणि दोन कुत्री. संध्याकाळी त्याच पाड्याचा आकडा शंभर टक्के लागला. लिहिणाऱ्या ताईला मी दोष देत नाही. नव्वद लिहिलं असतं तर तिलाच नोटीस आली असती.

राहिली ऑगस्टची फेरी. त्या वेळी पोरं इथे असतात हे खरं. पण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथली माती ओलीच असते. १० ऑगस्टला पोट साफ केलं तरी दुसऱ्या दिवशी पोर त्याच बांधावरून चालतं. गोळी पोटातला जंत मारते, मातीतल्या अळीला तिचं काही नाही. माझं स्वतःचं मत असं की आमच्या भागासाठी एक फेरी दिवाळीच्या आत, टेंपो लागायच्या आधी हवी. पावसाळा सरत आलेला, माती वाळायला लागलेली, माणूस अजून घरी. शिवाय फेब्रुवारीत भट्ट्यांवर जाऊन गोळी द्यायला हवी. भट्ट्यांची यादी तहसीलदाराकडे असते, नसेल तर कोणत्याही मुकादमाकडे असते. राष्ट्रीय दिवस दिल्लीने ठरवला आहे, तो बदलता येणार नाही, असं उत्तर येईल. बदलू नका. एक दिवस वाढवा.

वयाचंही तसंच. गोल जंत आणि चाबूककृमी लहान मुलांत जास्त, पण अंकुशकृमी वयाबरोबर वाढत जातो. मोठ्या माणसांच्या पोटात तो भरपूर सापडतो. गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीत गोळी द्यायची असा नियम आहे आणि बऱ्याच ठिकाणी पाळलाही जातो. पण त्या बाईचा नवरा, सासरा, दीर यांना कोण विचारतं? घरातल्या चार पोरांना गोळी द्यायची आणि पहाटे त्याच आडोशाला जाणाऱ्या चार मोठ्या माणसांना सोडून द्यायचं, तर माती कोण रोज नव्याने पेरतंय हे सांगायला मायक्रोस्कोप लागत नाही.

आडोशाचा विषय निघालाच आहे. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ साली हागणदारीमुक्त जाहीर झाला. आमच्या भागात संडास बांधले गेले, ही गोष्ट खोटी नाही. त्यांतल्या बऱ्याच संडासांत मी सरपण पाहिलंय, एकात नागलीची कणगी पाहिली, एकात शेळी व्यायलेली. त्या घरच्या बाईला मी विचारलं तर ती हसली. म्हणाली, "दादा, हंडाभर पाणी डोक्यावरून आणायचं नि संडासात ओतायचं?" मार्च उजाडला की या तालुक्यात टँकर लागतात. त्याच मोखाड्यात मध्य वैतरणेचं धरण आहे आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. जाऊ दे, मुंबईच्या लोकांनाही पोटं आहेत. पण पाणी नसलेला संडास ही फक्त एक बिनखिडकीची खोली असते. त्यात खाली कातळ, शोषखड्डा नीट खणला जात नाही, पहिल्या पावसात तो भरून वाहतो. मग माणूस पूर्वी जिथे जायचा तिथे जातो : बांधाच्या कडेला, करवंदीच्या जाळीमागे, सावलीत. जो आडोसा माणसाला बरा वाटतो तोच अळीलाही मानवतो.

चपलांचं भाषण मीही पूर्वी ठोकायचो. एकदा एका वारली आजोबांनी मला विचारलं, भाताच्या आवणीला चप्पल घालून चिखलात उतरतोस का, बघू. त्यानंतर भाषण बंद केलं. पायाची बोटं खाजतात, त्याला लोक चिखल्या म्हणतात. बहुतेक वेळा त्या चिखल्याच असतात. कधी मात्र ती खाज अळी आत शिरल्याची असते, आणि दोन्हींत फरक करायला तिथे कोणी नसतं.

आदिवासी विकासचे साहेब, आता थोडं आपल्याशी. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत, अनुदानित वेगळ्या. तिथली मुलं आपली. ती आजारी पडली की आमची. जेवण एका खात्याचं, गोळी दुसऱ्याची, पाणी तिसऱ्याचं, आणि ज्या अंगणवाडीतून ती आली ती चौथ्याची. एका आश्रमशाळेत (नाव सांगत नाही, तिथले मुख्याध्यापक भले गृहस्थ होते) मी सिकलसेलच्या शिबिराला गेलो होतो. मुलांच्या संडासांना कुलपं. मोटार जळली होती, पाणी वर चढत नव्हतं. मुलं बाटली घेऊन ओढ्याकडे जायची आणि त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर. साबण, तेल, चप्पल यांचे पैसे हल्ली खात्यावर येतात. पैसे मुलाच्या खात्यावर आले म्हणजे मुलाच्या पायात चप्पल आली असं नव्हे. घरी म्हातारी आजारी असेल तर ती चप्पल औषधाच्या दुकानात जाते, आणि तसं झालं तर मी त्या बापाला काय बोलू?

त्याच शाळेतल्या तेवीस मुलांचे नमुने मी आपखुशीने घेतले. अंकुशकृमी आणि गोल जंत सापडले ते अपेक्षितच होतं. पण बऱ्याच मुलांत जिआर्डिया निघाला. हा जंत नव्हे. पाण्यातून येणारा सूक्ष्म एकपेशीय जीव. शी चिकट, फसफसती, वास असा की खिडकी उघडावी लागते. पोर जेवतं आणि अंगाला लागत नाही. त्याच्यावर १० ऑगस्टची एक गोळी चालत नाही, वेगळं औषध लागतं. विहिरीत टाकलेल्या टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीलाही तो सहज दाद देत नाही. पाणी उकळायला हवं. चारशे मुलांचं पाणी उकळायला लाकूड किती लागेल, हा हिशेब करून मुख्याध्यापक गप्प बसले. म्हणजे त्या मुलांना जंताची गोळी मिळाली होती, रजिस्टर पूर्ण होतं आणि पोटं दुखतच होती.

तपासल्याशिवाय हे कळणार नव्हतं. माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती फिरतं. आपण गोळ्या किती वाटल्या ते मोजतो, पोटात काय आहे ते बघत नाही.

दक्षिण कोरियाचं उदाहरण आमच्या एका जुन्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, नंतर मी ते पुस्तकांत पडताळून पाहिलं. १९६३ साली तिथे एका नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटातून हजारावर गोल जंत काढले, ती वाचली नाही. देश हादरला. १९६६मध्ये कायदा झाला आणि १९६९पासून शाळेतल्या मुलांची शी वर्षातून दोनदा तपासायला सुरुवात झाली. ज्याच्यात सापडेल त्याला औषध. १९७१च्या पाहणीत तिथल्या ८४ टक्के लोकांच्या पोटात जंत होते. १९९७मध्ये अडीच टक्क्यांच्या आत. त्यात शेतात मैला टाकणं थांबल्याचा आणि देश श्रीमंत झाल्याचा वाटा आहे, सगळं श्रेय मायक्रोस्कोपला द्यायला मी काही वेडा नाही. पण दर सहा महिन्यांनी त्यांना आपण कुठे आहोत हे माहीत होतं. आपल्याला पाड्याच्या पातळीवर माहीत नाही. राज्याची सरासरी घसरली की आपण खूश, आणि सरासरीत कातकरी पाडा बुडून जातो.

माझ्या म्हणण्याचा उलटा अर्थ काढणारेही निघतील, म्हणून सांगून ठेवतो. कुपोषणाने पोरं मरतात ती जंतांमुळे, असं मी म्हणत नाही. ती मरतात कारण घरात अन्न नसतं, आई स्वतः अर्धपोटी असते आणि दवाखाना लांब असतो. सरसकट गोळी दिल्याने मुलांचं वजन खरोखर किती वाढतं यावर जगभरच्या तज्ज्ञांत वाद आहे. मला तो वाद रास्तच वाटतो. ज्याच्या पोटात जंत नाहीत त्याला गोळी देऊन वजन कशाने वाढणार? पण ज्याच्या पोटात आहेत आणि ज्याचं रक्त चार-पाचवर आलंय, त्याला शोधून काढणं यात वादाला जागा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या आकड्यांत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आहे. हा सगळ्या राज्याचा आकडा. त्यातलं किती लोहाच्या कमतरतेचं, किती सिकलसेलचं आणि किती जंतांचं, हे डोंगरातल्या कुठल्याच केंद्राला सांगता येणार नाही.

लोकांना उपचार नको असतात, हा एक समज कचेऱ्यांत फार आहे. आमच्याकडे भगत जंतांवर पळसपापडी देतो, घराघरात वावडिंग असतं. म्हणजे पोटात जंत असतात आणि त्यांना औषध लागतं, हे त्यांना आपण शिकवायची गरज नाही. गोळीची भीती असते ती वेगळ्या कारणाने. खूप जंत असलेल्या पोराला गोळी दिली की पोटात मुरडा येतो, उलटी होते, कधी जंत तोंडावाटे बाहेर येतो. आई घाबरते आणि पाड्यावर बोंब होते. असं होऊ शकतं, म्हणजे औषध लागू पडतंय, हे आदल्या दिवशी सांगितलं तर ती पुढच्या वेळी पोर घेऊन स्वतः येते. आम्ही सांगत नाही, कारण दिवसाला तीनशे गोळ्या संपवायच्या असतात.

मागणी मोठी नाही. शी तपासायला लाखांचं यंत्र लागत नाही. काटो-काट्झ नावाची साधी पद्धत आहे : बारीक जाळीतून नमुना गाळायचा, भोक पाडलेल्या पट्टीने ४१.७ मिलिग्रॅम मोजून काचेवर घ्यायचा, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेन. अंडी मोजून २४ने गुणलं की ग्रॅममागे किती ते कळतं. अडचण एकच. अंकुशकृमीची अंडी तासाभरात विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात, म्हणून नमुना जिल्ह्याला पाठवून चालत नाही, तिथेच बसून बघावा लागतो. नोव्हेंबर २०२३मध्ये आदिम जमातींसाठी केंद्राची जनमन योजना आली. आपल्या राज्यातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड तिच्यात येतात आणि तिच्यात फिरत्या दवाखान्याच्या गाड्या आहेत. गाडीत एक मायक्रोस्कोप आणि एक तंत्रज्ञ बसवा. प्रत्येक आश्रमशाळेतली पन्नास मुलं, शाळा उघडल्यावर एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा. आणि ज्याचं हिमोग्लोबिन सातच्या खाली, मग तो मुलगा असो की भट्टीवरचा बाप, त्याची शी तपासल्याशिवाय केसपेपर बंद करायचा नाही, एवढा एक आदेश काढा. आकडे वाईट येतील. पहिल्या वर्षी फारच वाईट येतील, आणि ते पाठवणाऱ्या माणसाला नोटीस देऊ नका.

त्या मुलीचं विचाराल म्हणून सांगतो. तिला गोळी दिली, महिन्याने पुन्हा दिली, लोह चालू ठेवलं. पुढच्या जूनमध्ये भट्टीवरून आल्यावर तिचं रक्त साडेनऊ होतं. त्यानंतरच्या पावसाळ्यानंतर ती आली नाही, लग्न होऊन गेली असं कळलं.

मी जव्हारलाच राहतो. हात अजून थरथरत नाहीत आणि चष्मा लावून अंडं ओळखता येतं. दिवाळीआधी कोणत्याही एका आश्रमशाळेत दोन दिवस द्या, नव्या पोरांना मी बसून शिकवीन, मानधन नको. डब्या वेळेवर आल्या नाहीत तर काडेपेट्या चालतील. फक्त नमुना त्याच सकाळचा हवा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जव्हार, जि. पालघर